दुपारी एक ते चार

१

पुण्यात नऊ वर्षं मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवलं. म्हणजे दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत आणि दर एप्रिलमध्ये घरी. त्यामुळे कारंजा लाडच्या एका कॉलेजातून कायम नोकरीचं पत्र आलं, तेव्हा नकाशात गाव शोधायच्या आधीच मी हो म्हणून बसले. नवरा, धनराज, पुण्यातच राहणार होता. त्याची नोकरी सोडून चालणार नव्हतं. "दोन वर्षं काढ, मग पुण्यात कुठेतरी जागा निघेलच," असं तो म्हणाला. मी आणि पाच वर्षांची योगिनी नोव्हेंबरात तिथे राहायला गेलो.

आधीच सांगते, मी चिडकी बाई आहे. पुण्यात मी रिक्षावाल्यांवर चिडत असे. इथे चिडायला सगळं गाव मोकळं होतं. नळ आठवड्यातून एकदा येणार, तोही मी वर्गात असताना. कापूस बाजाराच्या रस्त्यावरची धूळ दिवसातून तीनदा पुसली तरी तिसऱ्या वेळी पहिल्याइतकीच. कॉलेजात शिकवण्यापेक्षा फायली जास्त, आणि त्या फायलींचे नमुने दर सोमवारी बदलणार. वर भेटेल तो विचारणार, "मॅडम, साहेब कुठं असतात?" पहिल्या महिन्यात मी नीट सांगितलं. दुसऱ्या महिन्यापासून "पुण्यात" एवढंच, तेही दात आवळून.

घर मात्र चांगलं मिळालं होतं. खाली मालक दौलतराव आणि त्यांची बायको सोजरबाई, वर आम्ही. दोन खोल्या, गच्ची, स्वच्छ फरशी. दौलतरावांची शेती होती, ते सकाळीच निघून जायचे. मुलं नागपूरला नोकरीला. सकाळी सात ते साडेबारा मी कॉलेजात असताना योगिनीला रुपाबाई सांभाळायची. ती तांड्यावरची, घरी तिची वेगळीच बोली, आणि योगिनीशी ती हिंदीत बोलायची. मी घरी आले की ती निघायची.

आणि ती निघाली की सोजरबाई यायच्या.

२

रोज. दीड वाजता. हातात सूप, त्यात मूठभर तूर. मी दार उघडायची, त्या म्हणायच्या, "बसाले आली, मॅडम."

कोणी बसायला आलं तर माणूस काहीतरी बोलेल, चहा पिईल, चार घरच्या चौकशा करून आपल्या वाटेनं जाईल. सोजरबाई सरळ आतल्या खोलीत जायच्या. तिथे खिडकीजवळ योगिनी झोपलेली असायची. तिच्या पलंगाशेजारी त्या फरशीवर मांडी घालायच्या, तोंड खिडकीकडे. सूप मांडीवर. तूर पाखडायच्या नाहीत की निवडायच्या नाहीत. चार वाजेपर्यंत नुसत्या बसायच्या आणि मग "येते" म्हणून जायच्या.

सुरुवातीला मला वाटलं, एकट्या बाईवर लक्ष ठेवायची ही गावाकडची रीत असेल. मग वाटलं, खाली उकडत असेल. पण त्या डिसेंबरातही यायच्या. मी एकदा विचारलं, "काकू, काही काम होतं का?"

"काम कायचं? तुमी करा तुमचं. मी बसते."

मला दुपारी एक ते चार कोणी घरात चालत नाही. यावरून लोक आम्हा पुणेकरांना हसतात, खुशाल हसोत. सकाळी पाचला उठून पाच तास घसा कोरडा करून आलेल्या बाईला तीन तास तिचं घर तिचं वाटलं पाहिजे. मी बाहेरच्या खोलीत आडवी व्हायची, पण डोळा लागायचा नाही. आत एक माणूस नुसतं बसलेलं आहे, हे डोक्यातून जायचं नाही. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली होती.

मार्चमध्ये दौलतरावांनी आतल्या खिडकीला कूलर लावून दिला. पत्र्याचा मोठा डबा, बाहेरच्या बाजूनं लोखंडी घोडीवर बसवलेला, तीन बाजूंना गवताच्या ताट्या. खोलीच्या बाजूला जाळी आणि तिच्या आत पंखा. त्याची घरघर इतकी, की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. सोजरबाई त्या घरघरीसमोरही तशाच बसायच्या.

३

एप्रिलमध्ये माझा बांध फुटला. त्या दिवशी नळ आला नव्हता. मी तयार केलेली फाइल प्राचार्यांनी परत दिली होती, कारण फायलीचा रंग निळा हवा होता. घरी आले तर विजेचा लपंडाव. आणि दीड वाजता दारात सूप.

"काकू," मी म्हणाले, "दुपारी आम्ही विश्रांती घेतो. उद्यापासून येत जाऊ नका."

त्यांना राग आला नाही. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावरून आतल्या खोलीकडे पाहिलं.

"तुमची मर्जी. पन पोरीले दुपारची एकटी नका ठेवू."

"मी असते ना घरात."

"तुमी बाहेरच्या खोलीत असता," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. मी एक कोरा कागद घेतला, मार्करनं ठळक अक्षरांत लिहिलं: 'दुपारी १ ते ४ कृपया दार वाजवू नये.' आणि दाराला चिकटवला. धनराजला त्याचा फोटो पाठवला. तो खूप हसला. त्या दुपारी मी नोव्हेंबरानंतर पहिल्यांदा गाढ झोपले.

४

आठेक दिवसांनी योगिनी दूध पिताना म्हणाली, "मले नाई पाह्यजे. मी मंग पिईन."

मी हसले. मुलं बोली उचलतात, आणि मला त्यात वाईट काही वाटत नाही. मी वर्गात हेच शिकवते, की कुठलीही बोली अशुद्ध नसते. तरी गंमत वाटली. योगिनी ही घरातली छोटी पंतोजी होती. मी चुकून 'पुस्तक भेटलं' म्हटलं तर 'मिळालं म्हण, आई' असं सांगणारी.

मग ते वाढत गेलं. "काहून वरडून राह्यली वं?" असं तिनं मला विचारलं, तेव्हा मी खरंच ओरडत होते, गॅसवाल्यावर, फोनवरून. "लवकर येजो," असं ती सकाळी मला सांगू लागली. मे उजाडेपर्यंत तिच्या तोंडी पुण्याचं एक वाक्य उरलं नाही. शब्द तर बदललेच, पण हेलही बदलला, कुठे थांबायचं तेही बदललं. इतकं पक्कं वऱ्हाडी माझ्या वर्गातली मुलंही माझ्यासमोर बोलत नव्हती.

मी भाषाविज्ञान शिकवते. मूल भिंतीकडून बोली शिकत नाही. टीव्हीवरूनही नाही, समोर बोलणारं माणूस लागतं. म्हणून मी माणूस शोधू लागले. रुपाबाई? ती हिंदीच बोलत होती, मी दोन दिवस न सांगता लवकर घरी येऊन खात्री केली. खेळायला शेजारची मुलं? त्या उन्हात कोणी बाहेर पडत नव्हतं. तिची शाळा जूनमध्ये सुरू होणार होती. सोजरबाई तर यायच्याच बंद झालेल्या, आणि यायच्या तेव्हाही एक अक्षर बोलायच्या नाहीत.

"हे असं बोलायला कोणी शिकवलं तुला?" मी विचारलं.

"कोनी नाई."

"मग कुठे ऐकलंस?"

तिनं माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "तुले आयकू येत नाई का?" ती म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी आतल्या खोलीच्या दारापाशी उभी राहिले. कूलर चालू होता. योगिनी पलंगावर बसली होती, पाठ माझ्याकडे, तोंड जाळीकडे. तिचे खांदे हलत नव्हते. बोलत असेल असं वाटत नव्हतं, आणि वाटलं असतं तरी त्या घरघरीत मला ऐकू आलं नसतं.

तेवढ्यात वीज गेली. पंखा मंदावला. ताट्यांवरून पडणारं पाणी थेंबाथेंबावर आलं. आणि त्या घरघरीखाली इतका वेळ चालू असलेला एक आवाज उघडा पडला. शांत, मोठ्या बाईचा, सवयीनं गोष्ट सांगत असल्यासारखा.

"...अन् तिच्या मायनं सांगतलं होतं का बाहेरच बसजो, मंग थे—"

इतकंच. मग थांबला. बोलणाऱ्याच्या लक्षात आलं असावं की आता ऐकू जातंय.

मी धावत जाऊन योगिनीला उचललं. ती झोपेत असल्यासारखी जड लागली, पण डोळे उघडे होते. "कोण बोलत होतं?" मी विचारलं. "कोनीच नाई," ती म्हणाली आणि रडू लागली. गोष्ट अर्धीच राहिली, म्हणून रडत होती.

माझं डोकं तरी चालत होतं. खिडकीबाहेर कोणी उभं असेल, म्हणून मी गच्चीवर जाऊन वाकून पाहिलं. खाली अरुंद बोळ, पलीकडे सरकीच्या गोदामाची उंच भिंत. कूलर जमिनीपासून पंधरा फुटांवर, लोखंडी घोडीवर टेकलेला. तिथे मांजरालाही उभं राहायला जागा नव्हती. कोणाचा रेडिओ असेल, म्हणून शेजारी विचारून आले. वीज तर सगळ्यांचीच गेली होती. संध्याकाळी दौलतरावांकडून पाना आणून मी गच्चीच्या कठड्यावरून वाकून कूलरची गच्चीकडची ताटी स्वतः उघडली. आत ओलं गवत, पंप, तळाला चार बोटं पाणी. मी हात घालून पाणी ढवळलं. मग ताटी बसवताना आपण नेमकं काय शोधत होतो ते लक्षात आलं, आणि मला स्वतःचा भयंकर राग आला.

त्या रात्रीपासून योगिनीला मी बाहेरच्या खोलीत झोपवू लागले. दुपारी मात्र तिला तिथे ठेवायला जावं तर ती बिछान्यावर हातपाय आपटायची आणि थोड्या वेळानं आत जाऊन बसलेली सापडायची. दाराला कडी घातली, तर दाराला कान लावून बसायची.

६

मी दारावरची पाटी फाडली आणि खाली गेले. सोजरबाई ओट्यावर बसल्या होत्या. रिकाम्या हातानं. त्यांच्यासमोर उभं राहून माफी मागणं मला जड गेलं, पण मागितली.

"काकू, तुम्ही का येत होतात ते सांगा."

"बसाले."

"ते झालं हो. पण कशासाठी?"

"मानूस बसलं असलं का थे उगं राह्यते."

"ते म्हणजे काय?"

"मले काय मालूम?" त्या त्रासून म्हणाल्या. "माही सासू बसत होती. तिनं सांगतलं, सोजर, दुपारची बसत जाय. मी बसत गेली. चाळीस सालं झाली. तुमच्या आधी मास्तर होते, त्यांच्या घरीबी बसली. कोनी मले नाई म्हनलं नाई."

चाळीस वर्षं एक बाई रोज दुपारी वर येऊन नुसती बसते, आणि कशासाठी ते कधी विचारत नाही. मला ओरडावंसं वाटलं. पण विचारणारी मी होते, आणि मीच तिला दार दाखवलं होतं.

"मग आता या ना," मी म्हणाले. "आत्ता चला. रोज या, दिवसभर बसा."

त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत जिना चढल्या. आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी आलो, तर योगिनी पलंगावर मांडी घालून बसली होती. तिनं मान वळवली, सोजरबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पलंगावर हात थोपटला.

"ये वं सोजर," माझी पाच वर्षांची मुलगी म्हणाली. "बस. थकली असशीन."

सोजरबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, घरातल्या जाणत्या बाईसमोर ओढतात तसा. त्या आत गेल्या नाहीत.

"आता माहं काम नाई, बाई," त्या मला हळूच म्हणाल्या. "आता बसून काय करू? थे इकडं आली."

"आणि माझी मुलगी?"

त्यांनी कूलरकडे एकदा पाहिलं आणि भिंतीला धरून जिना उतरू लागल्या.

७

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला सुट्टी टाकली. प्राचार्य फोनवर काहीतरी फायलीचं बोलत होते, मी फोन ठेवून दिला. दीड वाजता मी स्वतः फरशीवर मांडी घातली, तोंड खिडकीकडे. योगिनी पलंगावर झोपली होती. गाल हातावर, तोंड मिटलेलं. मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले.

कूलर घरघरत होता. मी मनाशी म्हणत होते, की म्हाताऱ्या बाईचं काय ऐकतेस. पोरगी हुशार आहे, नकला करते, मोठ्यांचं बघून एकेरी हाक मारली असेल. आवाज गल्लीतला असेल, उन्हात आवाज कुठूनही कुठेही जातो. तुला झोप नाही, तुला हे गाव आवडत नाही, म्हणून तुला असं वाटतंय. हे सगळं मला पटत होतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. पंखा थांबला. थेंब थांबले.

"आई," जाळीमागून आवाज आला. "आई, इथे खूप ओलं आहे गं. मला आत घे ना."

माझ्या हाताखाली योगिनीची छाती संथ वर-खाली होत होती. ओठ मिटलेले होते. मी तिच्याकडेच पाहत होते, त्यामुळे याबाबत माझी चूक होणं शक्य नाही.

"आई, मी केव्हाची हाका मारतेय. तो पंखा चालू असला की तुला ऐकूच येत नाही."

तो पुण्याचा आवाज होता. माझ्या घरातला. मी उठून जाळीपर्यंत गेले. थांबलेल्या पंख्याच्या पात्यांमागे, गवताच्या ताटीच्या कडेला, चार बोटं होती. लहान. खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी पांढरी, सुरकुतलेली. ती ताटी आतून धरून होती.

"नको पाहू वं," मागे पलंगावरून आवाज आला, झोपाळलेला, मायाळू. "झोप तू. थे उगी होते मंग."

वीज आली. पंखा फिरू लागला.

८

मी धनराजला काय सांगायचं? मी त्याला सांगितलं की मला इथे राहवत नाही. तो दुसऱ्या आठवड्यात गाडी घेऊन आला आणि सोबत बातमी घेऊन आला. पुण्यातल्या ज्या कॉलेजात मी डिसेंबरात मुलाखत दिली होती, तिथे माझी निवड झाली होती. कायम जागा. घरापासून चालत दहा मिनिटं. नऊ वर्षं मी याच पत्राची वाट पाहिली होती. धनराजनं ते पत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणलं होतं.

योगिनी धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. "लय वाट पाह्यली तुही," ती म्हणाली. तो हसून हसून बेजार झाला.

मी सांगितलं, विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत, कॉलेज जूनअखेरपर्यंत सोडणार नाही. तुम्ही पुढे व्हा. गाडीत बसताना योगिनीनं मला हात केला. तिचा चेहरा माझ्या मुलीचा होता, हातही तिचेच, कोरडे, ऊबदार. मी ते दोन्ही हात कितीतरी वेळ सोडले नाहीत. धनराजला वाटलं, मी हळवी झालेय. मी काय करायला हवं होतं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. सोबत जावं, तर इथे कोण? राहावं, तर तिथे कोण?

पुण्याच्या कॉलेजाला मी नकार कळवला. धनराज तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता जुलै निम्मा झाला आहे. गल्लीतले सगळे कूलर उतरले. "मॅडम, गवत काढून टाका ना, वास मारते," असं दौलतराव दोनदा सांगून गेले. मी राहू द्या म्हणाले. कॉलेजातून आले की मी जेवते, दार लावते आणि आतल्या खोलीत फरशीवर बसते. पंखा बंद ठेवते, फक्त पाणी चालू. जाळीचे स्क्रू मी तीनदा काढायला घेतले. तिन्ही वेळा आतून हळूच सांगण्यात आलं, "नको आई. आत्ता नको. ती लांब गेल्यावर जमत नाही." काय जमत नाही, ते तिलाही नीट सांगता येत नाही. ती पाच वर्षांची आहे.

आज दुपारी धनराजचा फोन आला. आता तो बोलतो. योगिनी मजेत आहे म्हणाला. हट्ट नाही, रडणं नाही, जेवते शहाण्यासारखी, तिला सांभाळायला आलेल्या आजीच्या पायाला तेल लावून देते. डॉक्टर म्हणाले, बोलण्याचं काही नाही, जाईल हळूहळू.

"माझी आठवण काढते का?" मी विचारलं.

"लहान आहे गं," तो म्हणाला. "नाही काढत."

मी फोन ठेवला. बाहेर बोळात कोणी नव्हतं. ताटीवरून पाणी ओघळत होतं.

"आई," जाळीमागून आवाज आला, "बाबा होते ना? माझ्याबद्दल काही विचारलं त्यांनी?"

"हो," मी म्हणाले. "तुझ्याबद्दलच विचारत होते."